डीओ व्हायचंय? नखं कापून या

मी अमेरिकेतल्या एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजात पाच वर्षं काढली. आधी एक वर्ष बायोमेडिकल सायन्सेसचं मास्टर्स, मग चार वर्षं डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. आता फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते. अर्जांचा मोसम आला की ओळखीतल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "डीओ म्हणजे हाडांची डॉक्टर का गं?" माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही.

अमेरिकेत डीओ ही एमडीच्या बरोबरीची पदवी आहे. पन्नासही राज्यांत औषधं लिहिता येतात, शस्त्रक्रिया करता येते, हव्या त्या शाखेत जाता येतं. २०२० पासून दोन्ही पदवीधरांच्या रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला) मान्यता देणारी व्यवस्थाही एकच झाली आहे. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ वेगळा, तो मेडिकल डॉक्टर नसतो. नेटवर वाचताना पुष्कळांची इथेच गल्लत होते. खरा फरक शिकण्यात आहे. बाकीचं सगळं मेडिकल शिकायचंच, वर साधारण दोनशे तास हातांनी तपासायला आणि हातांनी उपचार करायला शिकायचं. त्याला ओएमएम, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेटिव्ह मेडिसिन म्हणतात.

हे दोनशे तास मनापासून हवे असतील तरच या. मी पहिल्यांदा फक्त एमडीचे अर्ज केले होते. मग एका डीओ डॉक्टरांकडे शॅडोइंगला, म्हणजे मागे राहून त्यांचं काम बघायला, गेले. डोकेदुखीच्या एका आजींना त्यांनी टेबलावर उताणं झोपवलं, कवटीच्या तळाशी दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि दोनेक मिनिटं काही न बोलता तशीच धरली. आजी उठल्या आणि मान वळवून खिडकीकडे बघू लागल्या. आल्या तेव्हा त्यांना तेवढंही जमत नव्हतं. मला ते शिकायचं होतं. मुलाखतीत "डीओच का?" हे हमखास विचारतात. तिथे "संपूर्ण माणसाचा विचार" वगैरे पाठ केलेली वाक्यं म्हणू नका, असं काही डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. ते पाहिलेलं नसेल तर अर्जाआधी शॅडोइंग करा. बऱ्याच कॉलेजांना डॉक्टरचं शिफारसपत्र लागतं, काहींना ते डीओचंच हवं असतं.

इतिहास थोडा माहीत असावा. अँड्र्यू टेलर स्टिल हे डॉक्टर. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्यांची तीन मुलं गेली आणि तेव्हाच्या औषधांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. १८९२ मध्ये त्यांनी मिसुरीतल्या कर्क्सव्हिल या गावात पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं आणि पहिल्याच वर्गात बायकांनाही घेतलं. त्या काळातलं हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं.

अर्ज ॲकोमॅस या एकाच पोर्टलवरून सगळ्या कॉलेजांना जातो. टेक्ससमधल्या सरकारी कॉलेजांचं पोर्टल तेवढं वेगळं आहे. ॲकोमॅस मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतं. प्रवेश जसे अर्ज येतील तसे देत जातात, म्हणून शेवटच्या तारखेकडे बघू नका. जूनमध्ये अर्ज गेलेला बरा, कारण मार्कांची पडताळणी व्हायलाच काही आठवडे जातात. एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा ५२८ पैकी असते आणि प्रत्येक कॉलेज किती जुना स्कोअर चालवून घेतं हे आधी बघावं लागतं. अजून एक, जुना सल्ला अजून फिरतो म्हणून सांगते: नापास विषय पुन्हा दिला की जुने मार्क पुसले जातात, ही डीओची सवलत २०१७ मध्येच बंद झाली. आता दोन्ही वेळचे मार्क धरतात.

व्हिसावर असाल तर आधी प्रत्येक कॉलेजाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा. पुष्कळ डीओ कॉलेजं एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरचे, विद्यार्थी घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही फीची रक्कम आगाऊ दाखवायला किंवा ठेवायला सांगतात. भारतातून एमबीबीएस करून इथे आलेल्यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजातला परदेशी डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम जरूर बघावा. मात्र तिथेही वर्षं चारच लागतात.

पैशाचं बोलायलाच हवं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज बंद. डीओला आता सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर मिळेल. खासगी कॉलेजात फी आणि राहण्याचा खर्च मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो. वरचे पैसे कुठून येणार, हे सीट स्वीकारण्याआधी घरच्यांबरोबर बसून कागदावर मांडा. हे कर्ज नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे, व्हिसावरच्यांना ते मिळतच नाही.

आता त्याच आवारातल्या बाकीच्या अभ्यासक्रमांविषयी. इलिनॉय आणि ॲरिझोनातली मिडवेस्टर्न, कॅलिफोर्नियातली वेस्टर्न युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेस, किंवा स्टिल यांचं नाव असलेली ए. टी. स्टिल युनिव्हर्सिटी, या ठिकाणी डीओच्या शेजारी पीए (फिजिशियन असिस्टंट), फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, डेंटल यांतले बरेच वर्ग चालतात. पीए साधारण दोन-सव्वादोन वर्षांत होतं. त्याचा अर्ज कॅस्पा या पोर्टलवर करायचा आणि रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम केलेले तास मागतात. डीपीटीला, म्हणजे फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला, तीन वर्षं लागतात. ज्याला हातांचं काम आवडतं पण रात्रपाळ्या आणि रेसिडेन्सी नकोय, त्याने डीपीटीकडे कमीपणाने बघू नये. आमच्या इमारतीतल्या डीपीटीच्या मुलींकडून सांध्याची हालचाल मोजायला मी जितकं शिकले, तितकं आमच्या पुस्तकातूनही नाही.

मी केलं ते एक वर्षाचं मास्टर्स म्हणजे कमी मार्कांवरचा पूल. वर्ग डीओच्याच पद्धतीचे, परीक्षाही तितक्याच कडक. पण हा पूल महाग आहे. "इतके मार्क मिळाले तर मुलाखत नक्की" असं तोंडी सांगत असतील तर विश्वास ठेवू नका. किती मार्क, मुलाखत की थेट प्रवेश, आणि मागच्या वर्षी किती जणांना मिळाला, हे लेखी घ्या.

प्रवेश मिळाला की पहिलं काम: नखं कापा. ओएमएमच्या लॅबमध्ये आठवड्यातून एकदा तरी वर्गमित्राच्या पाठीवर बोटं ठेवायची असतात आणि स्वतःची पाठ त्याला द्यायची असते. शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचे कपडे घालावे लागतात. मला पहिले दोन आठवडे फार संकोच वाटला. लॅबच्या शिक्षिकेला तसं सांगितल्यावर तिने बाईच जोडीदार दिली. तुम्हालाही तसं वाटलं तर पहिल्याच दिवशी बोला.

सुरुवातीला बोटांना काहीच कळत नाही. सगळे "हो हो, जाणवतंय" म्हणतात आणि तुम्हाला मात्र सपाट पाठ लागते. त्यावर एक जुना सराव आहे. डोक्याचा एक केस पुस्तकाच्या पानाखाली ठेवा, डोळे मिटा आणि वरून बोटाने शोधा. सापडला की आणखी एक पान वर घ्या. मी झोपण्याआधी पाच मिनिटं हे करायचे. चार पानांवरून सुरुवात झाली, हिवाळ्यापर्यंत बरीच पुढे गेले. जोर वाढवला की केस हरवतो, हात हलका ठेवला की सापडतो. पाठीचंही अगदी तसंच आहे.

शोधायचं काय, तर चार गोष्टी: ऊतींचा पोत बदललाय का, डावी-उजवी बाजू सारखी आहे का, हालचाल कुठे अडतेय, दाबल्यावर कुठे दुखतं. मग मणक्याचं निदान लिहायचं. इथे सगळे अडखळतात. नाव नेहमी मणका ज्या बाजूला सहज जातो त्या बाजूचं द्यायचं, अडतो त्या बाजूचं नाही. पाठीचा कणा सरळ असताना अनेक मणक्यांचा गट एका बाजूला झुकला तर उलट बाजूला वळतो. पुढे किंवा मागे वाकलेल्या स्थितीत एकच मणका अडला असेल तर झुकतो त्याच बाजूला वळतो. हे फ्रायेट या ऑस्टिओपॅथचे नियम. पाठ करू नका. खुर्चीत बसून स्वतःच्या कण्याने करून बघा, मित्राच्या पाठीवर दोन अंगठे ठेवून बघा.

उपचारांत मसल एनर्जी हे तंत्र आधी पक्कं करा. अडेल तिथपर्यंत न्यायचं, रुग्णाला तीन ते पाच सेकंद उलट दिशेला हलका जोर लावायला सांगायचं, सैल सोडायला लावायचं, मग नव्या अडथळ्यापर्यंत पुढे न्यायचं. काउंटरस्ट्रेन या तंत्रात दुखरा बिंदू शांत होईल अशी स्थिती नव्वद सेकंद धरायची आणि परत आणताना अगदी सावकाश आणायचं. प्रॅक्टिकलमध्ये गुण याच सावकाशीवर जातात. झटक्याने मणका मोकळा करण्याचं तंत्र सगळ्यांना आधी शिकायचं असतं, पण ते कुणावर करायचं नाही हे त्याआधी शिका. डाऊन सिंड्रोम किंवा संधिवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइडच्या, रुग्णाच्या मानेला तो झटका कधीच नाही. हाडं ठिसूळ असतील तरीही नाही.

या सगळ्याला पुरावा आहे का, हे विचारायला घाबरू नका. कंबरदुखीवर १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. नेहमीचे उपचार घेतलेल्यांना आणि ओएमटी, म्हणजे हे हातांचे उपचार, घेतलेल्यांना आराम सारखाच मिळाला, पण ओएमटी घेतलेल्यांना औषधं कमी लागली. कवटीच्या हाडांच्या सूक्ष्म हालचालींवरच्या तंत्राचा पुरावा मला दुबळा वाटतो. परीक्षेपुरतं ते शिकले, रुग्णांवर वापरत नाही.

दुसऱ्या वर्षाअखेर कॉम्लेक्स लेव्हल वन, डीओंच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा. २०२२ पासून ती फक्त पास-नापास आहे. कोणत्या अवयवाचा त्रास कण्याच्या कोणत्या भागात उमटतो (हृदयाचा छातीच्या पहिल्या पाच मणक्यांपाशी, जठराचा पाचव्या ते नवव्यापाशी) याचा तक्ता पहिल्या वर्षापासून आरशाजवळ चिकटवून ठेवा. शेवटच्या महिन्यात तो डोक्यात बसत नाही. यूएसएमएलई, म्हणजे एमडीवाल्यांची परवाना परीक्षा, द्यायची का? शस्त्रक्रियेच्या किंवा चुरशीच्या शाखेत जायचं असेल तर द्या, फॅमिली मेडिसिनला कॉम्लेक्स पुरते. दोन्हींचा खर्च आणि ताण मोठा असतो. सगळे देतात म्हणून देऊ नका.

मुलाखतीच्या दिवशी कॅम्पसची काचेची इमारत दाखवतील. तुम्ही तिसऱ्या वर्षाबद्दल विचारा. पुष्कळ डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, तिसऱ्या वर्षी मुलं काम शिकायला वेगवेगळ्या गावांतल्या छोट्या-मोठ्या हॉस्पिटलांत जातात. कुठलं गाव, ते लॉटरीने ठरतं का, वर्षभर एकाच ठिकाणी राहता येतं का, तिथे रेसिडेंट आहेत की एकट्या डॉक्टरमागे फिरायचं, घर मिळतं का? माझी सर्जरी आणि बालरोग यांच्यात चार तासांच्या ड्राइव्हचं अंतर होतं आणि दोन्हींमध्ये फक्त एक रविवार. गाडी लागतेच, हे पहिल्या वर्षाच्या बजेटमध्येच धरा. छोट्या हॉस्पिटलचा फायदाही मला मिळाला. रेसिडेंट नसल्यामुळे सर्जन मलाच टेबलापाशी उभं करायचे.

चौथ्या वर्षी सप्टेंबरमध्ये रेसिडेन्सीचे अर्ज जातात, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी. पसंतीच्या प्रोग्रामांचा क्रम लावताना बघा, प्रोग्रामला ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाची मान्यता, आहे का. असेल तर ओएमटी शिकवणारे शिक्षक असतात आणि बाह्यरुग्ण विभागात ती करायला वेळ मिळतो. माझ्या यादीत असे तीन प्रोग्राम होते, त्यांतल्या दुसऱ्यात मी लागले. तिथे गुरुवारची दुपार आम्हा डीओ रेसिडेंटांची असायची, चार टेबलं आणि रांगेत कंबरदुखीचे रुग्ण.