मृगात पाटणादेवीला जाताय? पिशवी अशी भरा

रोहिणीची एखादी सर पडून गेली आणि मृग लागायला चार-आठ दिवस उरले, की चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात नवरंग पक्ष्याची शीळ सुरू होते. जळगावात तेव्हा पंखा अजून गरम हवाच फेकत असतो, त्यामुळे पाखरं बघायचा मोसम म्हणजे हिवाळा, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर बदकं बघा. झाडीतली रंगीत, मुठीत मावतील एवढी पाखरं बघायची असतील तर जून. नर रंगात आलेले असतात, विणीला लागलेले असतात आणि गप्प बसत नाहीत.

म्हणून पहिली तयारी कानांची. ती घरीच, निघण्याआधी आठवडाभर. चार-पाच आवाज रोज ऐका, चहा घेताना ऐकले तरी चालतील. नवरंगाची शीळ दोन सुरांची, मोकळी. पहाटे आणि तिन्हीसांजेला हमखास. हा पक्षी थंडीत दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतो, आणि तमिळमध्ये त्याला चक्क ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. सुभगाची शीळ लांब ओढलेली. नाल्याकाठच्या गर्द सावलीत धातूची बारीक तार छेडल्यासारखं काही वाजलं, तर तो निळा माशीमार. स्वर्गीय नर्तक दिसायला एवढा देखणा, पण हाक मात्र खरखरीत, कुणावर तरी वैतागल्यासारखी. त्याची पांढरीशुभ्र लांब शेपटी वयात आलेल्या नराला येते. कोवळे नर तांबूसच असतात, तेव्हा तांबूस दिसला की मादी असं लगेच लिहून टाकू नका.

हे आवाज मोबाइलमध्ये भरून मात्र नेऊ नका. मी एकदा नेले होते. नवरंगाची शीळ झुडपाजवळ लावली आणि पाखरू दोन मिनिटांत पायाशी आलं. मान ताणून उभं, पोटाखालचा लाल भाग स्पष्ट दिसत होता, आणि ते नसलेल्या नराला शोधत चकरा मारत होतं. फोटो चांगला आला. घरी आल्यावर तो कुणाला दाखवावासा वाटला नाही. विणीच्या दिवसांत हद्दीत दुसरा नर आलाय असं वाटलं, की हे पाखरू घरटं सोडून त्याच्या मागे लागतं. घरटं गवताकाड्यांचं, चेंडूसारखं गोल, कधी जमिनीवर तर कधी खालच्या फांदीवर. म्हणून पायवाट सोडायची नाही, हेही यादीत लिहून ठेवा.

दुर्बीण 8×42 ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. दुकानदार 10 वाली गळ्यात मारतो, पण झाडीत पाखरू एका जागी क्षणभरच टिकतं. मोठी प्रतिमा हलते आणि नजरेचा घेर लहान होतो. शिवाय पहाटेच्या अंधूक उजेडात 8×42 मधून चित्र जास्त उजळ दिसतं. पिशवीत बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी आणि सुती रुमाल टाका. गाडीत एसी लावून गेलात तर रानात उतरल्यावर काचांवर दव धरतं आणि पहिला अर्धा तास हातचा जातो.

आता उजेड. ढगाळ आभाळाकडे वर मान करून बघितलं तर निखार पक्ष्याचा नारिंगी नर काळा ठिपका दिसतो. त्यापेक्षा नाल्याच्या उतारावर अशी जागा धरा, की समोरच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीत येतील आणि सूर्य पाठीशी राहील. निखार थव्याने एका झाडावरून दुसऱ्यावर सरकतात. तुम्ही त्यांच्यामागे पळायचं नाही, ते येतील तिथे आधी जाऊन बसायचं. म्हणून बसायला एक जुनं पोतं घ्या. घडीची खुर्ची नको, उघडताना करकरते. प्लास्टिकचा रेनकोटही नको. हललं की चुरचुरतो. काळी छत्री बरी. कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, बाह्या लांब.

पायांची काळजी वेगळी. पँट मोज्यांत खोचा, गोचिड्या असतात. सुकलेल्या खाजकुयलीच्या शेंगा अजून वेलींवर असतात. तिची कुसं लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. पट्टीचा एक गुंडाळा पिशवीत हवाच.

जेवणाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी नेलीत तर उत्तम, पण ती सकाळची असू द्या, रात्रीची कडक होते. केळी न्यायला हरकत नाही, जळगावकराला केळी नेऊ नका कोण सांगणार. फक्त देवळापाशी पिशवीबाहेर काढू नका, वानरं हातातून घेतात. पाणी माणशी तीन लिटर.

वही आणि पेन्सिल. शाईचं पेन पहिल्याच सरीत वाहून जातं. पाखरू दिसलं की रंग आधी लिहू नका. कुठल्या झाडावर, किती उंचीवर, काय करत होतं, शेपटी केवढी, हे आधी, रंग नंतर. तांबट आणि वेडा राघू या यादीत धरू नका, दिसायला रंगीत असले तरी ते झाडीतल्या गाणाऱ्या-बसणाऱ्या पाखरांच्या कुळातले नाहीत.

दुपारी 11 नंतर पाखरं गप्प होतात. तेवढ्यात देवीचं दर्शन घ्या, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाबद्दलचा 1207 चा शिलालेख इथलाच, एवढं सोबतच्या मुलांना सांगा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दीत काही ऐकू येत नाही.

पावसाचा अंदाज आदल्या रात्री बघा. वरच्या पठारावर कोसळलं की खाली ऊन असतानाही नाल्याला पाणी चढतं. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांनी चाळीसगावात काय केलं, ते तिथे कुणालाही विचारा. पाणी गढूळ झालं की सामान गोळा करून वर यायचं, नवरंग कितीही गात असला तरी.

चाळीसगावाहून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. पहाटे साडेचारला निघा, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, ओळखपत्र जवळ असू द्या. वाटेत एखादा गुराखी विचारेल, ‘पाखरं दखाले उनात का?’ (म्हणजे बघायला आलात का). त्याला हो म्हणा आणि दोन मिनिटं थांबा; शीळ काल कुठून येत होती ते त्याला ठाऊक असतं.

परतल्यावर घरात शिरायच्या आधी मोजे उलटे करून अंगणातच झटका.