नवा प्लेस्टेशन आणि मित्राचा एक्सबॉक्स: घरच्या टीव्हीवर तुलना कशी करावी

सोनीच्या नव्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सशी तुलना करायची असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच घरात, एकाच टीव्हीवर आणि एकाच दुपारी समोर हवीत. दुकानातल्या टीव्हीचे रंग मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात आणि मित्राच्या घरचा टीव्ही आपल्यासारखा नसतो, त्यामुळे 'तिकडे चित्र जास्त छान दिसले' या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. आपण कोथरूडहून विमाननगरला जाण्यापेक्षा एक्सबॉक्सवाल्या मित्रालाच यंत्रासह रविवारी जेवायला बोलावणे सोयीचे. गुरुवार मात्र टाळावा. पुण्यात दुरुस्तीची कामे बहुधा त्याच दिवशी निघतात आणि ऐन चाचणीत वीज गेली की सगळा बेत फसतो. कन्सोल बदलून घेण्याचा विचार मनात असेल, तर खोके उघडण्यापूर्वीच बिलावरच्या अटी वाचून ठेवाव्यात.

खोक्यावरचे आकडे सुरुवातीला बाजूला ठेवलेले बरे. सिरीज एक्सच्या ग्राफिक्स चिपची क्षमता १२ टेराफ्लॉप्स आणि प्लेस्टेशन ५ ची १०.२८ टेराफ्लॉप्स सांगितली जाते (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते). पण पहिलीत गणिते करणारी ५२ एकके १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात, तर दुसरीत ३६ एकके २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात. गेम साठवणाऱ्या वेगवान एसएसडीच्या बाबतीत पारडे उलटे झुकते, कारण प्लेस्टेशनची एसएसडी सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचते आणि सिरीज एक्सची २.४. मेमरी दोघांकडेही १६ गिगाबाइट आहे. या आकड्यांवर मित्रमंडळींत रात्रभर वाद घालता येतो, परंतु गेम लिहिणाऱ्याने यंत्राचा उपयोग कसा करून घेतला, हे त्यांतून कळत नाही. मित्राकडे एक्सबॉक्सचे धाकटे यंत्र सिरीज एस असेल, तर मात्र आकडे जरूर पाहावेत: ४ टेराफ्लॉप्स, १० गिगाबाइट मेमरी, डिस्कची सोय नाही आणि १४४०पी (उभ्यात १४४० ठिपक्यांचे चित्र) हे उद्दिष्ट. प्लेस्टेशन ५ शी तिची बरोबरी लावणे अन्यायाचे ठरेल. तिची तुलना खर्चाच्या अंगाने करावी.

आदल्या रात्री दोन्ही यंत्रांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून एकच गेम दोन्हींवर उतरवून घ्यावा. १०० गिगाबाइटचा गेम ५० एमबीपीएसच्या जोडणीवर साडेचार तासांच्या आसपास वेळ खातो, म्हणून हे काम सकाळवर ढकलू नये. एकच गेम दोनदा विकत घेण्याचीही गरज नाही. फोर्टनाइट दोन्हीकडे फुकट मिळतो, तो ऑनलाइन खेळायला सदस्यत्व लागत नाही आणि दोन्हीकडे त्यात सेकंदाला १२० फ्रेम्सचा, म्हणजे १२० चित्रांचा, पर्याय आहे. गेम उतरवताना आवृत्ती तपासावी. अनेक गेमच्या प्लेस्टेशन ४ आणि प्लेस्टेशन ५ अशा दोन आवृत्त्या असतात, आणि नव्या यंत्रावर चुकून जुनीच चालवून 'काहीच फरक नाही' असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. त्यानंतर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीकडे एकच मोड ठेवावा. एकीकडे क्वालिटी मोड ३० फ्रेम्सवर आणि दुसरीकडे परफॉर्मन्स मोड ६० फ्रेम्सवर चालत असेल, तर तुलना कन्सोलची न होता मोडची होते.

सर्वाधिक गफलत टीव्हीपाशी होते, म्हणून इथे घाई करू नये. बहुतेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी चित्राचे वेगळे सेटिंग लक्षात ठेवतात. पहिल्या पोर्टवर गेम मोड चालू आणि दुसऱ्यावर 'व्हिव्हिड' असेल, तर डोळ्यांना दिसणारा फरक टीव्हीने घातलेला असतो. म्हणून दोन्ही कन्सोल आळीपाळीने त्याच पोर्टला आणि त्याच केबलने जोडावेत. प्लेस्टेशन ५ सोबत येणारी केबल यासाठी पुरेशी आहे. ४के (आडवे ३८४० ठिपके) चित्र १२० फ्रेम्सवर हवे असल्यास एचडीएमआय २.१ चा पोर्ट लागतो, आणि अनेक टीव्हींवर असे पोर्ट एक किंवा दोनच असतात. तो कोणता हे टीव्हीच्या पाठीमागे किंवा माहितीपुस्तिकेत पाहावे. कन्सोल बदलला की एचडीआरची (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या सोयीची) जुळवणी त्या-त्या कन्सोलच्या मेन्यूतून नव्याने करावी. काळा रंग राखाडी, धुरकट दिसू लागला, तर यंत्राला नावे ठेवण्याआधी आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा पल्ला) तपासावी: कन्सोल 'फुल' पाठवत असेल आणि टीव्ही 'लिमिटेड' समजत असेल, किंवा याच्या उलट होत असेल, तर काळोखातले बारकावे बुडतात किंवा सगळे चित्र फिके पडते.

मग चित्राची परीक्षा घ्यावी, आणि ती नाव झाकून घ्यावी. केबल एकाने बदलावी; पाहणाऱ्याने दृश्य सुरू होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसावे. पडद्याच्या कोपऱ्यात त्रिकोण-चौकोन किंवा ए-बी अशी बटणांची चिन्हे दिसली, तर गुपित फुटते, म्हणून तेवढा कोपरा पुठ्ठ्याने झाकावा किंवा चिन्हे नसलेले दृश्य निवडावे. बसायचे अंतर रोजचेच ठेवावे. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर असते, म्हणजे १०८०पी चित्रातला (आडवे १९२० ठिपके) एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. आठ फुटांवरून सामान्य दृष्टीला वेगळा दिसणारा ठिपका सुमारे ०.७ मिलिमीटरचा. आपल्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यात एवढे अंतर सहज असते, तेव्हा रिझोल्यूशनवरून भांडण्यात हशील नाही. हालचाल किती सलग वाटते, कॅमेरा वेगाने फिरवल्यावर चित्र अडखळते का आणि अंधाऱ्या भागात काय दिसते, याकडेच लक्ष द्यावे. माझ्या मते दोन्हींवर निघणाऱ्या गेममध्ये नाव झाकल्यावर बहुतेकांना विजेता सांगता येणार नाही, आणि हे कळणे हीच त्या दुपारची निम्मी कमाई.

गेम उघडण्याचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजावा. पहिली खेप धरू नये. नंतरच्या तीन खेपांतली मधली वेळ घ्यावी. याहून महत्त्वाची गोष्ट आहे अर्धवट सोडलेला खेळ पुन्हा सुरू करण्याची, आणि पुणेकराला ती अधिक जाणवेल. एक्सबॉक्सचे क्विक रिझ्यूम गेमची स्थिती एसएसडीवर लिहून ठेवते, त्यामुळे ज्या गेममध्ये ही सोय आहे, तो वीज जाऊन आली तरी सोडला तिथूनच उघडतो. प्लेस्टेशन ५ च्या रेस्ट मोडमध्ये (यंत्र झोपवून ठेवल्यावर) ती स्थिती मेमरीतच राहते आणि वीज गेली की पुसली जाते. सेव्ह केलेले तेवढे उरते. हे पडताळण्यासाठी प्लग उपटू नये, कारण त्याने साठवणुकीला धक्का बसू शकतो. मेन्यूतूनच दोन्ही यंत्रे पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावीत, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येतो. ज्यांच्या भागात वीज वारंवार जाते, त्यांनी प्लेस्टेशनसाठी यूपीएसचा खर्च हिशेबात धरावा. खेळताना यंत्र २०० वॉटच्या आसपास वीज घेते, हे लक्षात ठेवून त्याची क्षमता निवडावी.

कंट्रोलरसाठी शास्त्र नको, हात पुरेत. प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचे ट्रिगर खेळातल्या प्रसंगानुसार घट्ट होतात आणि ही गंमत खरी आहे, मात्र बॅटरी आत बसवलेली असल्याने ती संपली की केबल लावून चार्ज करावी लागते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल बसतात आणि ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.

शेवटी वही उघडून खर्च मांडावा. जागेपासून सुरुवात करावी: मूळ प्लेस्टेशन ५ च्या ८२५ गिगाबाइटपैकी सुमारे ६६७ हाती येतात, सिरीज एक्सच्या १ टेराबाइटपैकी सुमारे ८०२, आणि सिरीज एसच्या ५१२ पैकी सुमारे ३६४. प्लेस्टेशनमध्ये बाजारातली एम.२ एसएसडी (पट्टीसारखी छोटी एसएसडी) बसवता येते. सोनी सेकंदाला ५,५०० मेगाबाइट किंवा त्याहून अधिक वेग सुचवते. एक्सबॉक्सला त्याचेच खास विस्तार कार्ड लागते, त्यामुळे निवड कमी आणि घासाघीस जवळजवळ अशक्य. जुन्या गेमचा विचार केला, तर एक्सबॉक्स ३६० च्या काळातल्या बऱ्याच डिस्क सिरीज एक्सवर चालतात, तर प्लेस्टेशन ५ मागे जातो तो मुख्यतः प्लेस्टेशन ४ पर्यंत. सदस्यत्वाचे दर बदलत राहतात, म्हणून एक्सबॉक्सचे गेम पास आणि सोनीचे प्लेस्टेशन प्लस यांचे त्या दिवशीचे वार्षिक दर दोन रकान्यांत लिहावेत आणि खाली वर्षभरात प्रत्यक्षात जे गेम खेळणार त्यांचीच नावे लिहावीत. ज्या मित्रांबरोबर रात्री खेळायचे, ते कोणत्या बाजूला आहेत हेही तिथेच नोंदवावे. डिस्कचा कन्सोल असेल, तर तिसरा रकाना आखून त्यात मित्रांकडून उसन्या मिळणाऱ्या आणि खेळून झाल्यावर विकता येणाऱ्या डिस्क मांडाव्यात. डिस्कची सोय नसलेल्या डिजिटल आवृत्तीच्या मालकाने हा रकाना कोराच ठेवावा.