न्यूर्नबर्गची लेबकूखन, कोल्हापूरच्या ओट्यावर

लेबकूखन म्हणजे मध, पीठ आणि गरम मसाल्याची जाडसर बिस्किटं. जर्मनीत न्यूर्नबर्ग शहर यासाठी प्रसिद्ध. तिथल्या लेबकूखनवाल्यांचा स्वतंत्र संघ १६४३ सालचा. काही भागांत अशाच पदार्थाला ‘फेफरकूखन’, म्हणजे मिऱ्याचा केक म्हणतात. त्यात मिरी नावालाच. पण त्या काळी दूरदेशीचा कुठलाही मसाला सरसकट ‘मिरी’ व्हायचा. गब्बर व्यापाऱ्याला लोक टोमणा मारायचे तोही ‘मिऱ्याचं पोतं’ असाच.

साहित्य वजनकाट्यावर घ्या, वाटी-चमच्यानं नको. मध २५० ग्रॅम, साखर ८०, मैदा ३००, बदामाची पूड १००, पाकवलेली महाळुंगाची किंवा संत्र्याची साल ६०. मसाला एकूण १० ग्रॅम: दालचिनी ४, लवंग दीड, वेलची दीड, सुंठ १, आणि जायफळ, जायपत्री, धणे, मिरी प्रत्येकी अर्धा. फुगण्यासाठी बेकरीवाले नानकटाईत घालतात तो अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेटची पूड) ४ ग्रॅम, दोन चमचे पाण्यात विरघळवून.

या दहा ग्रॅममध्ये लवंग इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची, जायफळ-जायपत्री तिथल्याच बांदा बेटांची, दालचिनी सिंहलद्वीपाची, मिरी-वेलची आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची. न्यूर्नबर्गला हा माल आधी व्हेनिसहून आल्प्स ओलांडून खेचरांवर यायचा. १५०५ मध्ये लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यातल्या तीन जहाजांत ऑग्सबर्ग आणि न्यूर्नबर्गच्या पेढ्यांनी, वेल्झर-फुगर वगैरेंनी, भांडवल घातलं. ती मलबारची मिरी भरून परतली.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात दालचिनी मागितली की बहुधा जाड, एकाच पापुद्र्याची साल हातात पडते. ती कॅसिया; चालते, पण तिखटपणा जास्त, तेव्हा ३ ग्रॅमच घाला. खरी दालचिनी सिगारसारखी पातळ थरांची असते आणि चिमटीत मोडते. भेसळीची चिंता तिथेही होतीच: न्यूर्नबर्गात केशराची सरकारी तपासणी व्हायची आणि पंधराव्या शतकात भेसळ करणाऱ्याला केशरासकट जाळल्याची नोंद आहे.

मसाला कोरडाच दळा. कांदा-लसूण मसाल्याचं मिक्सरचं भांडं मात्र वापरू नका. लसणाचा वास झाकणाच्या रबरात बसतो आणि अख्खा घाणा वाया जातो. दुसरं भांडं नसेल तर रबर काढून ठेवा, मूठभर तांदूळ दोनदा फिरवून टाकून द्या. मिरचीचा मोह आवरा. गंमत अशी की त्युबिंगेनच्या लेओनहार्ट फुक्सनं १५४२ च्या वनस्पतिग्रंथात मिरचीचं चित्र छापलं आणि तिला कालिकतची मिरी ठरवलं. ती आली होती अमेरिकेतून.

साल महाळुंगाची उत्तम, अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. न्यूर्नबर्गला ती इटलीकडून यायची. मिळालं नाही तर जाड सालीचं संत्रं. एक सेंटिमीटरचे तुकडे दिवसभर मिठाच्या पाण्यात ठेवा, मग तीनदा पाणी बदलून उकळा. पाणी बदललं नाही तर कडवटपणा राहतो. नंतर सालीइतकीच साखर आणि बुडेल इतकं पाणी घालून, तुकडे काचेसारखे दिसेपर्यंत मंद आचेवर ठेवा आणि जाळीवर सुकवा.

आता मध. गाव गुळाचं असल्यानं गूळ घालावासा वाटतोच. घालू नका: गुळातली साखर गार झाल्यावर पुन्हा दाणे धरते आणि बिस्किट खडखडीत होतं. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून लेबकूखन दिवसेंदिवस मऊ होत जाते. न्यूर्नबर्गभोवतीच्या राखीव जंगलात मध गोळा करणाऱ्यांना सम्राट चौथ्या चार्ल्सनं १३५० मध्येच हक्क दिले होते. म्हणजे पीठ आणि मध गावचे, बाकी दूरदेशीचं.

मध-साखर मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच तापवा. उकळी आली की पाणी उडतं आणि शेवटी चिक्की हातात येते. कोमट झाल्यावर मैदा, बदाम, मसाला, साल आणि सगळ्यात शेवटी अमोनिया. मिश्रण गरम असताना अमोनिया घातला तर वायू भांड्यातच निघून जातो. कच्चं पीठ चाखू नका. गोळा झाकून रात्रभर फ्रिजबाहेर ठेवा. मैदा मध शोषतो, लवंगेचा उग्रपणा उतरतो.

सकाळी गोळा दगडासारखा वाटेल, घाबरू नका. हात ओले करून मळा. बटर पेपरवर आठ मिलिमीटर जाड थापा. याहून जाड केलं तर अमोनियाचा वास आतच अडकतो. १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की काढा, मध्यभाग दबेल असाच हवा. भट्टीत कडक होण्याची वाट पाहिली तर तो करपलेलाच समजा.

गार झाल्यावर ती कडकच लागतील. डब्यात सफरचंदाची फोड ठेवून तीन-चार दिवस बंद करा आणि फोड रोज बदला. जून ते सप्टेंबर फोड ठेवू नका, कोल्हापूरच्या हवेलाच तेवढा ओलावा असतो आणि फोडीमुळे बुरशी धरते.