जेवण झाल्यावरचा तास सांभाळा

‘चार घास खाल्लेस तर काय बिघडतंय?’ हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या धास्तीने उपाशी राहायला लावणारा मनाचा आजार, झालेल्या मुलीचं बिघडतंच. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या प्रथिनांच्या घटकापासून मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीवर परिणाम करणारं रसायन तयार होतं. काही संशोधकांचं म्हणणं असं, की या मुलींना उपाशी राहिल्यावर सेरोटोनिन उतरून हायसं वाटतं आणि जेवल्यावर जिवाची घालमेल सुरू होते. आपलं नेमकं उलटं असतं, म्हणून आपल्या डोक्यात ते शिरत नाही.

माझी लेक पोळीवरचं तूप टिश्यूने टिपायची आणि त्याच दुपारी घरभर पुरतील एवढ्या नारळाच्या वड्या थापायची. स्वतः एक चाखायची नाही. नातेवाइकांना हा नखरा वाटे. १९४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहाएक महिने अर्धपोटी ठेवलं, तर त्यातलेही काही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले. उपाशी मेंदूला दुसरं सुचत नाही.

सुरुवात डॉक्टरांपासून करा: रक्त, ईसीजी, वजन. फार दिवस उपाशी असलेल्या पोरीला मायेपोटी एकदम भरपूर वाढू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर बेततं. किती वाढवायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. ताट मात्र तुम्ही वाढा आणि त्यावर घासाघीस नको. उपवासही बंद. आमच्याकडे एकादशी आली की तिला निमित्तच मिळायचं, शेवटी आजी म्हणाली, “विठोबाचं मी बघते, तू जेव.”

जेवताना शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोला, मालिकेबद्दल बोला, अन्नाबद्दल नको. ‘आता जरा भरलीस हं’ म्हणणाऱ्या मावश्यांना आधीच फोन करून ठेवा.

खरी कसोटी हात धुतल्यावर. तासभर तिला एकटी सोडू नका. आम्ही रमी खेळायचो, नाहीतर मेथी निवडायचो. रडली तर रडू द्या, समजावत बसू नका.

गोळीने हे भागेल का, असं सगळे विचारतात. बुलिमियासाठी, म्हणजे भरमसाट खाऊन ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याच्या आजारासाठी, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीला अमेरिकेत मान्यता आहे. पण वजन फार उतरलेल्या ॲनोरेक्सियात तिचा फारसा उपयोग दिसलेला नाही. तिथे पहिलं औषध अन्नच.

चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं तर थेट इस्पितळ गाठा. मनाचं कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीतही बोलतात.