झोपलेल्या लॅपटॉपला कोण उठवते?

रात्री स्लीपमध्ये टाकून पिशवीत ठेवलेला विंडोज लॅपटॉप सकाळी तापलेला आणि बॅटरी उतरलेला सापडला, तर तो मध्येच जागा झाला असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी दिसेल ती सेटिंग बदलण्याचा मोह आवरावा, कारण एकदम पाच बदल केले की दोष कशात होता हे कळतच नाही.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करावी. शेवटच्या वेळी कोणी उठवले ते तिच्यातून कळते. उत्तर रिकामे आले, तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील विंडोज लॉग्जच्या सिस्टिम विभागात 'पॉवर-ट्रबलशूटर' या नावाची, 1 क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात झोपण्याची व उठण्याची वेळ असते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची खूण आहे: रोज ठरावीक वेळी जाग येत असेल तर संशय टायमरवर, म्हणजे ठरल्या वेळी संगणक उठवणाऱ्या सूचनेवर, घ्यावा, वेळ अनियमित असेल तर एखाद्या उपकरणावर.

'पॉवरसीएफजी /वेकटायमर्स' ही आज्ञा लावून ठेवलेले टायमर दाखवते. ते बंद करण्यासाठी पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'स्लीप'खालील 'अलाउ वेक टायमर्स' डिसेबल करावे. उपकरणांच्या बाबतीत वायरलेस माउस हा नेहमीचा संशयित, कारण त्याचा रिसीव्हर लॅपटॉपलाच राहतो आणि माउस जरा हलला तरी संकेत पोहोचतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन संगणक उठवण्याच्या परवानगीची खूण काढावी. नेटवर्क कार्डालाही हाच उपाय लागू पडतो; मात्र दुरून लॅपटॉप चालू करण्याची गरज असेल, तर तिथे केवळ मॅजिक पॅकेटला, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या जागे करण्याच्या खास संदेशाला, मुभा द्यावी. प्रत्येक बदलानंतर एक रात्र जाऊ द्यावी.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर 'पॉवरसीएफजी /ए' चालवून पाहावे. उपलब्ध प्रकारांत 'एस0 लो पॉवर आयडल' दिसल्यास ती मॉडर्न स्टँडबाय पद्धत आहे, आणि तिच्यात स्क्रीन बंद असतानाही यंत्रणा थोडेफार काम करू शकते. 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी'चा अहवाल त्या काळात बॅटरी कोणी खाल्ली ते दाखवतो. असा लॅपटॉप प्रवासात नेताना मी स्लीपवर विसंबत नाही. झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होईल, अशी निवड पॉवर ऑप्शन्समध्ये करावी, आणि तो पर्याय दिसत नसेल तर 'पॉवरसीएफजी /एच ऑन' या आज्ञेने आधी सुरू करून घ्यावा.