फ्रीलान्सरांनो, बिल पाठवताना या चुका टाळा

फाइल क्लायंटकडे गेली, पण बिल 'महिनाअखेरीस एकदमच करू' म्हणून राहिलं. पैसे अडकायला इथूनच सुरुवात होते. अनेक कंपन्यांत अकाउंट्सकडे बिलं घेण्याची तारीख ठरलेली असते. ती चुकली की तुमचं बिल थेट पुढच्या महिन्यात. काम दिलं त्याच दिवशी बिल पाठवा.

सगळ्यात महागात पडते ती 'फायनल मंजुरीनंतर पूर्ण रक्कम' ही अट. मंजुरी देणारा रजेवर जातो, नाहीतर नोकरीच सोडतो, आणि दोन महिन्यांचं काम लटकतं. रक्कम टप्प्यांत बांधा. 1 लाखाची वेबसाइट असेल तर 40 हजार आगाऊ, 30 हजार डिझाइन मंजूर झाल्यावर, 20 हजार टेस्ट लिंक दिल्यावर आणि उरलेले 10 हजार साइट लाइव्ह करण्याआधी. कोटेशनमध्ये एक वाक्य हवंच: '7 दिवसांत लेखी दुरुस्त्या न आल्यास टप्पा मंजूर धरला जाईल.' मूळ फाइल्स शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच द्या.

बिल परत येतं ते बहुतेक किरकोळ कारणांनी: पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर) नंबर नाही, कंपनीचं नाव नोंदणीप्रमाणे नाही, पॅन किंवा आयएफएससी राहिला. मॅनेजरला व्हॉट्सॲपवर बिल टाकणं म्हणजे बिल देणं नव्हे. अकाउंट्सच्या ईमेलवर पाठवा आणि पोच मागून घ्या.

जीएसटी नोंदणी नसेल तर जीएसटी लावू नका, बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' असंही लिहू नका. नोंदणी असेल तर कर वेगळ्या ओळीत दाखवा. 60,000 च्या कामावर 18 टक्क्यांनी 10,800 होतात, एकूण 70,800. टीडीएस, म्हणजे क्लायंट पेमेंटमधून कापून सरकारकडे भरतो तो आयकर, 10 टक्के असेल तर तो 60,000 वरच, म्हणजे 6,000. खात्यात 64,800 यायला हवेत. कर मिसळून एकच आकडा लिहिलात तर 70,800 वर 7,080 कापले जाण्याची शक्यता असते. आणखी एक: सेवेसाठी ॲडव्हान्स घेतला की त्यावरचा जीएसटी त्याच वेळी देय होतो. तो खर्चून टाकू नका.

थकबाकी वाढल्यावर नुसते फोन करत बसू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, मोफत आहे, ती काम घेण्याआधीच करून ठेवा. एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. म्हणून उद्यम नंबर बिलावर ठळक छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट मुदतीत न करणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. मार्चमध्ये अकाउंट्सवाले हा नंबर स्वतःहून विचारतात ते त्यामुळेच.