मेथी धुतली तरी जंतू राहतात: पालेभाजी पिकवताना, धुताना या चुका टाळा

२०११ च्या मे-जूनमध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची साथ आली. तीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. माग काढत गेल्यावर सापडले ते मेथीचे मोड. आपल्या कोल्हापुरात मोड आलेली कडधान्यं कच्ची खाणारे आहेत, आणि झुणका-भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात तर घरोघरी असते. त्यामुळं हे जंतू भाजीवर कसे तग धरतात, ते आपण नीट समजून घ्यायला हवं.

ई. कोलाय आणि साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू राहतात आतड्यात. शेणातून, सांडपाण्यातून ते पानावर येतात आणि तिथं लगेच मरत नाहीत. अंगावरच्या बारीक तंतूंनी ते पानाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. काही पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आतही शिरतात. लेट्यूसवरच्या प्रयोगांत साल्मोनेला उजेडात उघड्या रंध्रांकडं ओढला जाताना दिसला आहे. आत गेलेल्या जंतूपर्यंत पाणी पोचतच नाही.

नळाखाली धरली की झालं, असं मानणं

साध्या धुण्यानं जंतू साधारण दहापट ते शंभरपट कमी होतात, संपत नाहीत. तरी धुवायचंच, पण नीट. पेंडी सोडा, मुळं कापून टाका, सडकी पानं वेगळी काढा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं हलवा आणि पानं वर उचलून घ्या. पातेलं उपडं करून पाणी ओतलं तर खाली बसलेली माती परत पानांवरच येते. पाणी दोन-तीनदा बदला, शेवटी पिण्याच्या पाण्यानं धुवा. साबण वापरू नका. मिठाच्या पाण्यानं अळ्या बाहेर येतात, साल्मोनेला मरत नाही.

क्लोरीन वापरायचं असेल तर खाद्यपदार्थांसाठी चालणारं, सुगंध न मिसळलेलं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट घ्या. १० लिटर पाण्यात २० मिली म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग). भाजी दोन मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्यानं धुवा. इथं बहुतेकांचं चुकतं ते असं, की एकाच पाण्यात घाणीवर घाण धुतली जाते. माती आणि पाल्याचा रस क्लोरीन खाऊन टाकतात. पाणी गढूळलं की ते बदलायचं, वरून आणखी क्लोरीन ओतून भागत नाही.

तापलेला टोमॅटो गार पाण्यात टाकणं

ही चूक फार जणांच्या लक्षातच येत नाही. उन्हातून आणलेला टोमॅटो विहिरीच्या गार पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं, त्याबरोबर जंतूही. आधी सावलीत गार होऊ द्या. धुण्याचं पाणी फळापेक्षा ५-६ अंशांनी कोमट असलेलं बरं.

सडका भाग काढून बाकीची कच्ची खाणं

पाला सडवणारे जंतू पेशींच्या भिंती विरघळवतात आणि त्या रसावर साल्मोनेला पोसतो. बटाटा, गाजर, ढोबळी मिरचीच्या सडलेल्या कापांवर तो धड कापांपेक्षा साधारण दहापट वाढलेला आढळला आहे. घट्ट बांधलेल्या पेंडीचा मधला भाग आधी तापतो, आधी सडतो. म्हणून विकत घेताना पेंडी उघडून बघा. थोडी सडली असेल तर धड पानं निवडून शिजवा, कच्ची नको.

शेतात: कच्चं शेण आणि ओढ्याचं पाणी

कच्चं शेण घातल्यापासून तोडणीपर्यंत, भाजी मातीला टेकत असेल तर १२० दिवस जावे लागतात. मेथी तर महिन्याभरात निघते! तेव्हा मेथी, कोथिंबीर, पालकाला फक्त कुजलेलं खत. ढीग ५५ अंश किंवा त्यापेक्षा जास्त तापमानावर १५ दिवस राहायला हवा आणि तेवढ्यात पाच वेळा पलटायला हवा, म्हणजे बाहेरचा थरही आत जाऊन तापतो.

औषध मारायच्या पंपात नाल्याचं, ओढ्याचं पाणी भरू नका. ‘औषधात जंतू मरतातच’ हा समज चुकीचा आहे. काही कीटकनाशकांच्या द्रावणात ते जगतात आणि फवारा त्यांना थेट पानावर नेतो. फवारणीला पिण्यालायक पाणी वापरा, पालेभाजीला शक्यतो ठिबक लावा. पंचगंगेच्या पुराचं पाणी ज्या भाजीला लागलं, ती कच्ची खायला विकू नका.

कच्चे मोड आणि वरून पेरलेली कोथिंबीर

मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही हवीच असते. बियांच्या भेगांत ते महिनोन्‌महिने कोरडे पडून राहतात आणि एक-दोन दिवसांत ग्रॅममागे लाखोंनी वाढतात. मटकी, मूग शिजवूनच खा. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हाताऱ्या माणसांना कच्चे मोड देऊच नका.

मिसळीचा कट उकळलेला असतो, वरची कोथिंबीर आणि कांदा कच्चाच. ते हॉटेलात सकाळी चिरून दिवसभर उघड्यावर ठेवू नका. चिरलेल्या कडांतून रस सुटतो आणि उन्हाळ्यात जंतू झपाट्यानं वाढतात. थोडं थोडं चिरा, ५ अंशांखाली ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकून द्या, भर उन्हाळ्यात तासाभरातच.